चूक कोणाची? एक मोटारसायकल, एक पुस्तक आणि लाल शाईचा शेरा

अकरावीच्या एका विद्यार्थ्याची प्रयोगवही आमच्यासमोर उघडी आहे. प्रयोग नेहमीचाच आहे. साध्या लंबकाच्या साहाय्याने गुरुत्व त्वरण काढायचे. मुलाने पाच वेगवेगळ्या लांब्या घेतल्या आणि प्रत्येक लांबीला वीस आंदोलनांचा वेळ तीन तीन वेळा मोजला. तक्ता आखून नीट भरला आहे, आलेखही सुबक आहे. उत्तर मात्र आले १०.८. ते ९.८ च्या आसपास यायला हवे होते. खाली आम्हीच लाल शाईने शेरा मारला होता: 'निष्काळजीपणा. पुन्हा करा.' मुलाने पुन्हा प्रयोग केला. पुन्हा १०.८!

या वहीकडे आपण लेखाच्या शेवटी येऊच. आत्ता एवढेच सांगायचे, की चूक दिसली की ती करणाऱ्याच्या स्वभावात शोधायची, ही सवय आम्हा शिक्षकांना फार जुनी आहे. 'लक्ष नसते', 'घाई करतो', 'धांदरट आहे' असे शेरे आपण सहज लिहितो. हीच सवय एका गाजलेल्या पुस्तकातही आहे, आणि ती अशा सुंदर रीतीने मांडली आहे की वाचताना तिच्याबद्दल शंकाच येत नाही. ते पुस्तक म्हणजे रॉबर्ट पर्सिग यांचे 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स'. आमच्यापैकी काहींनी ते पूर्वी वाचले होते. अलीकडे एक जुनी बुलेट घरच्या अंगणात उघडून बसण्याचा योग आला, म्हणून पुन्हा वाचले. हाताला काळे तेल लागलेले असताना हे पुस्तक वेगळे वाटते. कुठे ते जास्त पटते, तर कुठे खटकते. दोन्ही गोष्टी वाचकांपुढे ठेवाव्यात म्हणून हा लेख.

पुस्तक कशाबद्दल आहे?

हे पुस्तक १९७४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यामागचा प्रवास १९६८ च्या उन्हाळ्यातला. लेखक आणि त्यांचा अकरा वर्षांचा मुलगा ख्रिस मोटारसायकलवरून अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातून निघतात आणि पश्चिमेला कॅलिफोर्नियापर्यंत जातात. वाटेचा काही भाग जॉन आणि सिल्व्हिया हे मित्र जोडपे बरोबर असते. लेखकाची गाडी होती होंडाची ३०५ सीसीची सुपरहॉक. पर्सिग २०१७ मध्ये वारले. त्यांची ती गाडी आता वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संस्थेच्या संग्रहात आहे.

प्रवासाच्या वर्णनात लेखक तत्त्वज्ञान मिसळतो. तर्क आणि भावना, यंत्र आणि माणूस यांची आपण केलेली ताटातूट खोटी आहे, हे त्याचे मुख्य म्हणणे. मोटारसायकल हे त्याचे उदाहरण. हे पुस्तक मोटारसायकलींच्या बाबतीत फारसे काटेकोर नाही, असे लेखकाने सुरुवातीलाच सांगून ठेवले आहे. तेव्हा त्यात दुरुस्तीची मापे नाहीत ही तक्रार करण्यात अर्थ नाही. आमची तक्रार वेगळी आहे. चूक का होते, याचा जो सिद्धान्त पुस्तक मांडते, तो पुस्तकातल्याच घटनांना पुरा पडतो का, हे आम्हाला पाहायचे आहे.

उमेदीचे सापळे

पुस्तकाच्या उत्तरार्धात घरी गाडी दुरुस्त करताना होणाऱ्या चुकांवर एक मोठे प्रकरण आहे. शिक्षकांनी पुस्तकातले दुसरे काही वाचले नाही तरी हे प्रकरण जरूर वाचावे. दुरुस्तीला बसणाऱ्या माणसाजवळ हत्यारांच्याही आधी उमेद लागते, असे लेखक म्हणतो, आणि ती उमेद गिळून टाकणाऱ्या सापळ्यांची यादी देतो.

काही सापळे बाहेरचे असतात. सगळे इंजिन जोडून झाल्यावर एखादा भाग बसवायचा राहून गेलेला दिसतो, म्हणजे पुन्हा सगळे खोला. एखादा दोष कधी दिसतो, कधी नाहीसा होतो. गाडी मिस्त्रीकडे नेली की ती शहाण्यासारखी चालते! एखादा सुटा भाग नवा आणला तरी बसत नाही.

दुसरे सापळे आतले असतात. मनात एक कारण पक्के बसले की दुसरे दिसतच नाही. इथे लेखक दक्षिण भारतातल्या माकडाच्या सापळ्याची गोष्ट सांगतो. पोकळ नारळात भात ठेवून नारळ खुंटीला साखळीने बांधतात. माकड हात घालून मूठ वळते. मुठीसह हात बाहेर येत नाही आणि भात सोडवत नाही. माकडाला कोणी धरलेले नसते. धरलेले असते ते त्याच्या स्वतःच्या मुठीने. याशिवाय अहंकार, धास्ती, कंटाळा आणि उतावीळपणा हेही आतले सापळेच. 'हो की नाही' असा प्रश्न विचारला आणि निसर्गाने दोन्ही उत्तरे नाकारली, तर प्रश्नच चुकीचा आहे हे न ओळखणे हाही एक सापळा आहे. शेवटी हातांचे सापळे येतात: वाईट हत्यारे, अंधारी अडचणीची जागा आणि धातूची जाण नसलेला हात.

ही यादी वाचताना प्रयोगशाळेतला आपला प्रत्येक विद्यार्थी डोळ्यांसमोर येतो, आणि खरे सांगायचे तर आपण स्वतःही. इतक्या आपुलकीने चुकांकडे पाहणारे लेखन आम्ही फार थोडे वाचले आहे. चुकांचे वर्गीकरण करता येते, त्यांनाही जाती-प्रजाती असतात, हा विचारच मुळी शास्त्रीय आहे.

जिथे पुस्तक पटते

एक प्रसंग सांगतो. जॉनच्या नव्या बीएमडब्ल्यू गाडीचे हँडल घसरू लागते. पकड देणारा पट्टा पूर्ण आवळला तरी सैल राहतो. मध्ये एक पातळ पत्र्याची चकती घातली की काम होईल. लेखक सुचवतो, की बिअरच्या ॲल्युमिनियमच्या डब्यातून पट्टी कापू. पत्रा मऊ असल्यामुळे तो दाबाखाली नीट बसेल, आणि हवेत त्यावर ऑक्साइडचा थर मुळातच असल्याने पावसापाण्यात खराबही होणार नाही. जॉनला हा आपल्या गाडीचा अपमान वाटतो. लेखकाला डब्यात ॲल्युमिनियम दिसते, जॉनला बिअर दिसते.

वस्तूकडे तिच्या नावाने पाहायचे की गुणधर्मांनी, हा विज्ञान शिक्षणाचा गाभा आहे. खेड्यातल्या शाळेत सलाईनच्या नळीतून दाब शिकवणारा आणि सायकलच्या आऱ्यांतून स्पंदने दाखवणारा शिक्षक नेमके हेच करत असतो. इथे पुस्तकाशी आमचे काहीच भांडण नाही.

जिथे पुस्तक घसरते

आता दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवू.

पहिला: लेखकाचे इंजिन पुन्हा पुन्हा जाम होते. तो गाडी एका गॅरेजमध्ये देतो. तिथे रेडिओ मोठ्याने लावलेला असतो. काम करणारी पोरे चेष्टामस्करीत असतात आणि गाडीकडे न ऐकताच निदान करतात. एक जण टॅपेटच्या झाकणाचे कोपरे पान्याने गोल करून टाकतो आणि मग छिन्नी-हातोडा घेतो. हातोडा चुकून हेडवर बसतो आणि थंडाव्यासाठी असलेल्या पात्यांचे तुकडे उडतात. गाडी आणखी बिघडून परत येते. पुढे लेखकाला खरे कारण सापडते: इंजिनाच्या आतल्या तेलाच्या वाटेवरची पंचवीस सेंटची एक छोटी पिन तुटली होती, म्हणून वेगात असताना हेडपर्यंत तेल पोहोचत नव्हते. लेखकाचा निष्कर्ष असा, की त्या पोरांना कामाची आस्था नव्हती. ती तिऱ्हाइतासारखी काम करत होती.

दुसरा: लेखक आणि त्याचा मुलगा एका जुन्या प्रवासात धो धो पावसात सापडतात. इंजिन थांबते. लेखक टाकी हलवून पाहतो. आत पेट्रोल डुचमळताना ऐकू येते. तो प्लग पाहतो, पॉइंट पाहतो, किका मारतो. काही होत नाही. सहल सोडून घरी परतावे लागते. कित्येक दिवसांनी कळते, की मुख्य टाकीतले पेट्रोल संपले होते. डुचमळत होते ते राखीव पेट्रोल, आणि रिझर्व्हचा कॉक उघडलेलाच नव्हता. पावसामुळेच इंजिन बंद पडले असे त्याने मनाशी धरले होते.

वाचकांनी दोन्ही चुका तपासून पाहाव्यात. दोन्हीत कारण आधी ठरवले गेले आणि तपासणी नंतर झाली, तीही अपुरी. पोरे म्हणाली टॅपेट, लेखक म्हणाला पाऊस. पण पहिल्या चुकीवर पुस्तक नैतिक निकाल देते, आणि दुसरी चूक हसत हसत सांगून पुढे जाते. पोरांची चूक त्यांच्या वृत्तीची आणि लेखकाची चूक परिस्थितीची! लेखकाला गाडीची आस्था नव्हती असे कोणीच म्हणणार नाही. तरीही तो चुकला. म्हणजे आस्था असली की चूक टळते, हा सिद्धान्त पुस्तकातल्याच उदाहरणाने कोसळतो.

पोरांची बाजू घेण्याचा आमचा विचार नाही. छिन्नीने टॅपेट झाकण उघडणे वाईटच. पण 'त्यांना आस्था नव्हती' म्हटल्याने पुढच्या पोराला शिकायला काय मिळते? 'झाकणाला नेमका बसणारा पाना घे, आणि निदान करण्याआधी तेल वर पोहोचते का ते पाहा' यातून मात्र मिळते.

आमची बुलेट

आता आमची स्वतःची चूक सांगतो, म्हणजे वरचा मुद्दा नुसता पुस्तकी राहणार नाही.

ओतीव लोखंडी बॅरलची जुनी ३५० ची बुलेट बहुतेकांनी पाहिली असेल. सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर, दट्ट्याची धाव ९० मिलिमीटर. गुणाकार केला की ३४६ घन सेंटिमीटर येतात. मूळ आराखडा इंग्लंडमधला. १९५५ पासून ती मद्रासला बनू लागली. तिच्यात ठिणगी पाडण्यासाठी इलेक्ट्रॉनिक्स नाही, पॉइंट आहेत. एक छोटा कॅम फिरतो आणि पॉइंटची दोन टोके उघडतो. ती उघडतात त्या क्षणी कॉइलमधला प्रवाह तुटतो आणि प्लगमध्ये ठिणगी पडते.

आम्ही दोघा-तिघांनी मिळून सुटीत ती उघडली. पर्सिग सांगतात तशी वही ठेवली आणि जमिनीवर वर्तमानपत्रे पसरली. काढलेले भाग पान वाचतो त्या क्रमाने, डावीकडून उजवीकडे, मांडत गेलो. उतावीळपणा नव्हता, अहंकार नव्हता, उमेद भरपूर होती. पहिल्या दिवशी टायमिंग लावले. दट्ट्या वरच्या टोकाला पोहोचायच्या ०.८ मिलिमीटर आधी पॉइंट उघडले पाहिजेत. पॉइंटमध्ये पातळ कागद धरायचा, चाक हळूहळू फिरवायचे, कागद सुटतो तो क्षण पकडायचा. ते छान जमले. दुसऱ्या दिवशी लक्षात आले की पॉइंट काळे पडलेत. ते घासून साफ केले, आणि फिलर गेज लावला तर फट फारच कमी. ती नियमाप्रमाणे ०.४० मिलिमीटर केली. दोन्ही कामे काळजीपूर्वक केली. दोन्ही मापे पुस्तकाबरहुकूम!

तिसऱ्या दिवशी किक मारली, तर किकनेच उलटी लाथ मारली. पोटरी आठवडाभर ठणकत होती. गाडी सुरू झाली, पण पसरणी घाट चढताना इंजिनातून ठोके ऐकू येऊ लागले. आम्ही ठरवले, पेट्रोलचे मिश्रण बिघडले असणार. कार्बोरेटर उघडला, सुईची खाच बदलली. ठोके तसेच. आता दोन गोष्टी बदललेल्या होत्या आणि कशाने काय झाले ते सांगता येईना.

शेवटी शेजारच्या आळीतले एक वयस्कर मिस्त्री आले. त्यांनी इंजिनाला हातही लावला नाही. एवढेच विचारले, "गुरुजी, गाडी चांगली होती त्यानंतर सगळ्यात शेवटी कशाला हात लावलात?" वही उघडली आणि उत्तर आमच्याच अक्षरात समोर आले.

पॉइंटची फट आणि टायमिंग या दोन स्वतंत्र गोष्टी नाहीत. फट वाढवली म्हणजे कॅमचा उंचवटा पूर्ण चढायच्या आधीच टोके विलग होतात. म्हणून ठिणगी लवकर पडते. दट्ट्या अजून वर येत असतानाच स्फोटाचा दाब त्याला खाली ढकलू लागतो. किकची उलटी लाथ आणि घाटातले ठोके हे त्याचेच परिणाम. आधी फट लावावी, मग टायमिंग, हाच क्रम योग्य. उलट क्रमाने केले तर दोन्ही कामे निर्दोष होऊनही गाडी चुकते.

ही चूक आमच्या मनाच्या कुठल्या कप्प्यात शोधायची? ती क्रमात होती. दोन भागांच्या परस्परसंबंधाचे ज्ञान आम्हाला नव्हते, त्या अज्ञानात होती. आम्ही आणखी दसपट मन लावून काम केले असते, तरी चूक तेवढीच राहिली असती.

काळजी घेणाऱ्याच्या चुका

अशा चुका आणखी दाखवता येतील. जुन्या बुलेटवर इंग्रजी मापाचे आणि मेट्रिक मापाचे नट शेजारी शेजारी आढळतात. इंग्रजी, म्हणजे व्हिटवर्थ मापाच्या पान्यावर जो आकडा असतो तो पान्याच्या तोंडाचा नसून बोल्टच्या जाडीचा असतो. पाव इंची व्हिटवर्थ पान्याचे तोंड ०.५२५ इंच, म्हणजे सुमारे १३.३ मिलिमीटर असते. आता घरात मेट्रिक पाने आहेत. १३ चा चढत नाही. १४ चा चढतो, पण पाऊण मिलिमीटरच्या आसपास फट ठेवून. त्यामुळे सगळा जोर नटाच्या सपाट बाजूंवर न येता कोपऱ्यांवर येतो आणि कोपरे गोल होतात. माणूस कितीही शांत चित्ताने बसला असला तरी ते होतात. गॅरेजमधल्या पोराच्या हातून टॅपेट झाकणाचे जे झाले, ते आपल्याही हातून होऊ शकते.

दुसरे उदाहरण बोल्ट आवळण्याचे. पर्सिग हाताच्या जाणिवेबद्दल फार सुरेख लिहितात. बोटांनी बसेपर्यंत, मग घट्ट, मग धातूची लवचिकता पूर्ण वापरली जाईपर्यंत, अशा पायऱ्या ते सांगतात. तेल लावले की या पायऱ्या बदलतात, हेही त्यांना ठाऊक आहे. पण किती बदलतात? इथे जाणीव अपुरी पडते आणि गणित उपयोगी येते. बोल्टमधला ताण काढण्याचे एक सोपे सूत्र आहे: लावलेले बलआघूर्ण भागिले बोल्टचा व्यास आणि घर्षणावर अवलंबून असणारा एक गुणांक यांचा गुणाकार. कोरड्या आट्यांना हा गुणांक ढोबळ मानाने ०.२० आणि तेल लावलेल्या आट्यांना ०.१५ धरतात. आठ मिलिमीटरचा बोल्ट २० न्यूटन-मीटरने आवळला, तर कोरडा असताना ताण येतो १२,५०० न्यूटन. तेल लावून तेवढेच आवळले तर सुमारे १६,७०० न्यूटन. म्हणजे एक तृतीयांशाने जास्त! आपण जो जोर लावतो त्यातला बहुतेक भाग, साधारण दहातले नऊ हिस्से, घर्षणातच जातो. म्हणून घर्षणात थोडा फरक पडला तरी ताणात मोठा फरक पडतो.

आता कल्पना करा. काळजी घेणारा माणूस गंज लागू नये म्हणून बोल्टला तेल लावतो आणि सैल राहू नये म्हणून नेहमीइतक्याच जोराने आवळतो. ॲल्युमिनियमच्या हेडमधले आटे जातात. बेफिकीर माणसाने तेल लावलेच नसते!

तिसरे उदाहरण साखळीचे. गाडी मधल्या स्टँडवर उभी करून, मागचे चाक अधांतरी असताना साखळी छान ताणून बसवली. मग दोघे जण गाडीवर बसले. मागचा स्विंग आर्म वर उचलला गेला. गिअरबॉक्सचे दातेरी चाक, स्विंग आर्मची खीळ आणि मागचा आस एका रेषेत आले की दोन दातेरी चाकांतले अंतर सर्वांत जास्त होते. साखळीला तेवढी ढील ठेवलेली नसेल, तर ती बेअरिंगांना ओढू लागते. इथे मापन बरोबर होते, पण चुकीच्या स्थितीत केलेले होते. आपल्या प्रयोगशाळेत पाऱ्याचा तापमापक उकळत्या पाण्यातून बाहेर काढून वाचणारा मुलगा हीच चूक करतो.

लेखकाचे उपाय त्याच्या सिद्धान्तापेक्षा शहाणे आहेत

पर्सिग यांच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. पुस्तकाच्या पूर्वार्धात त्यांनी शास्त्रीय पद्धतीचे वर्णन दिले आहे: समस्या लिहा, संभाव्य कारणे लिहा, प्रत्येकाची चाचणी ठरवा, काय दिसेल याचे भाकीत लिहा, मग प्रत्यक्ष दिसले ते लिहा. शाळेतल्या कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा हे वर्णन जिवंत आहे. अडचण ही, की ही पद्धत ते फक्त यंत्राच्या दोषाला लावतात. दुरुस्ती करणाऱ्याच्या दोषाची वेळ आली, की पद्धत बाजूला राहते आणि स्वभावाची चर्चा सुरू होते. दोन्ही प्रकरणांची गाठ पुस्तकात पडतच नाही.

पण त्यांनी सांगितलेले उपाय पाहा. भाग उरू नये म्हणून वही आणि वर्तमानपत्र. धास्ती वाटत असेल तर करायची कामे चिठ्ठ्यांवर लिहून त्या क्रमाने लावणे. आपल्याच कामाची पुनःपुन्हा तपासणी. हे सगळे उपाय मनाच्या बाहेरचे आहेत. कागद, क्रम आणि कसोटी! 'मन शांत ठेवा' हा उपदेश आहे, तर 'चिठ्ठ्या लिहा' हे हत्यार आहे. पुस्तकातली उपयोगी पाने कोणती, असे विचारले तर आम्ही ही हत्यारे सांगणारी पाने दाखवू.

आमच्या मते पुस्तकाची मर्यादा इथेच आहे. आस्था हवीच. आस्थेशिवाय माणूस गाडी उघडायलाच बसणार नाही. पण आस्था आपल्याला कामाला बसवते एवढेच. आपण चुकलो आहोत हे ती सांगत नाही. ते सांगायला 'नाही' म्हणू शकणारी एखादी वस्तू लागते. पॉइंटमधला कागद तसा आहे. तो सुटतो किंवा सुटत नाही. आपल्या आस्थेशी त्याला काही देणेघेणे नाही. दुसऱ्या दिवशी फट बदलल्यावर आम्ही तोच कागद पुन्हा एकदा लावला असता, तर पोटरी वाचली असती.

वर्गात करून पाहण्यासारखे

शाळेत बुलेट नसेल, पण सायकल नक्की असते. विद्यार्थ्यांच्या दोन गटांना सायकलचे मागचे चाक काढून पुन्हा बसवायला सांगा. एका गटाला फक्त 'काळजीपूर्वक करा' असे सांगा. दुसऱ्या गटाला वर्तमानपत्र, वही आणि शेवटी करायच्या तीन चाचण्या द्या: चाक ब्रेकला न घासता फिरते का, साखळी सर्वांत ताठ असते त्या जागीही थोडी ढील आहे का, दोन्ही बाजूंचे नट बसले का. कोणाच्या चुका कोणी पकडल्या याची नोंद करा, आणि त्यावर चर्चा करा.

दुसरा प्रयोग अकरावी-बारावीसाठी. गॅरेजमधून टाकाऊ नट-बोल्ट आणा. १० सेंटिमीटर आणि २५ सेंटिमीटर लांबीच्या पान्यांच्या टोकाला स्प्रिंग काटा लावून ओढायला सांगा. तेवढ्याच ओढीने बलआघूर्ण अडीच पट होते, हे मुलांच्या हाताला कळेल. मग एका बोल्टला तेल लावा, एक कोरडा ठेवा, आणि तेवढ्याच ओढीने नट कुठवर फिरतो ते खडूने खूण करून पाहा. आटे गेले तर जाऊ द्या. टाकाऊ बोल्टचे आटे गेलेले पाहणे हा धातूची जाण येण्याचा स्वस्त मार्ग आहे.

पुन्हा ती वही

आता त्या १०.८ कडे वळू.

बुलेटच्या उलट्या लाथेनंतर आम्ही ती वही पुन्हा काढली. पहिल्यांदा न पाहिलेली एक गोष्ट या वेळी दिसली. प्रत्येक लांबीला घेतलेली तिन्ही वाचने एकमेकांशी उत्तम जुळत होती. आलेखातले सगळे बिंदू एका सरळ रेषेवर होते. निष्काळजीपणाच्या चुका अशा दिसत नाहीत. त्या विखुरतात: काही वर, काही खाली. सगळी वाचने शिस्तीने एकाच बाजूला झुकली असतील, तर काम करणारा काळजीपूर्वकच काम करतो आहे, आणि त्याच्या पद्धतीत एक गोष्ट दर वेळी चुकते आहे.

आम्ही मुलाला आमच्यासमोर लंबक सोडायला सांगितले. त्याने गोळा सोडला, घड्याळ सुरू केले आणि मोजायला लागला: "एक..." पुढच्या फेरीला "दोन..." आणि "वीस" म्हणताच घड्याळ थांबवले. वीस अंक मोजले, पण आंदोलने झाली एकोणीस. आवर्तकाल एक विसांश कमी आला. गुरुत्व त्वरणाच्या सूत्रात आवर्तकालाचा वर्ग छेदात असतो. ४०० भागिले ३६१, म्हणजे उत्तर सुमारे ११ टक्क्यांनी जास्त. आपल्याकडचे ९.७८ घेतले तर गुणाकार येतो १०.८. मुलाचे उत्तर त्याच्या चुकीचा अगदी अचूक हिशेब देत होते. तो वाचायचे सोडून आम्ही शेरा मारला.

गोळा सोडताना 'शून्य' म्हणायचे, एवढाच त्यावर उपाय. मुलाने तिसऱ्यांदा प्रयोग केला आणि ९.८ लिहून आणले. आम्ही आमचा जुना शेरा खोडला. त्याच्या जागी मिस्त्रींचा प्रश्न थोडा बदलून लिहिला: 'मोजणी कुठून सुरू केली?' लाल शाईनेच लिहिला, कारण टेबलावर तीच होती.